कुलवृत्तांतांतील पुराव्याची चिकित्सा : जनगणना, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि वंशावळ

(१) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांत कुलवृत्तांत छापण्याची चाल रूढ झाली, ती अद्यापि चालू आहे. एका आडनांवाच्या मंडळींनीं एकत्र यावें, छापील प्रश्नपत्रकें गांवोगांव धाडावीं, आलेलीं उत्तरें शाखावार लावावीं, आणि मूळपुरुषापासून आजच्या बालकापर्यंत उतरलेला वंशवृक्ष ग्रंथाच्या अखेरीस घडी घालून जोडावा, असा हा उद्योग आहे. राजदरबारच्या कागदांत ज्यांचें नांव कधींहि आलें नसतें अशा भिक्षुकांचे, कुळकर्ण्यांचे, कारकुनांचे व शेतकऱ्यांचे चरित्रलेश या ग्रंथांनीं राखून ठेविले, हे त्यांचे उपकार इतिहास विसरणार नाहीं. तथापि आदर निराळा आणि प्रामाण्य निराळें. अलीकडे निघणाऱ्या कुलवृत्तांतांत, व घरोघर संगणकावर तयार होणाऱ्या वंशावळींत, “जनगणनेवरून व जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदींवरून सिद्ध” अशा अर्थाचीं विधानें वरचेवर दिसूं लागलीं आहेत. या विधानांत सिद्ध काय होतें व गृहीत काय धरलेलें असतें, याची तपासणी करण्याचें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन आहे.

तपासणीस आरंभ करण्यापूर्वीं वंशावळ म्हणजे काय तें स्पष्ट केलें पाहिजे. वंशावळ ही नांवांची यादी नव्हे. ती विधानांची साखळी आहे. “अमुक हा तमुकाचा पुत्र” हें एक विधान म्हणजे एक कडी. दहा पिढ्यांच्या वंशावळींत अशा नऊ कड्या असतात, व प्रत्येक कडीस स्वतंत्र पुरावा लागतो. आठ कड्या लोखंडाच्या व एक कच्च्या सुताची असेल, तर सर्व साखळीचें बल त्या सुताइतकेंच. छापील वृक्षांत मात्र नऊहि रेघा सारख्याच जाड काढलेल्या असतात. या सर्व वाङ्मयावरील आमचा मुख्य आक्षेप एवढाच आहे; पुढील विवेचन हा त्याचाच विस्तार होय.

(२) प्रथम जनगणना घेऊं. वंशशोधनाचीं इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकें जनगणनेपासून आरंभ करितात, व इंग्लंडापुरतें तें यथार्थहि आहे. तेथें १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८४१ पासूनच्या जनगणनेंत घरांतील प्रत्येक माणसाचें नांव नोंदलें गेलें. ते मूळ कागद जपले गेले आणि शंभर वर्षें उलटल्यावर लोकांस खुले होत आले. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्यें खुले झाले. १९३१ चे कागद डिसेंबर १९४२ मध्यें आगींत नष्ट झाले, म्हणून तेथील संशोधकांना त्या वर्षापुरती पोकळी सोसावी लागते.

आपल्याकडील स्थिति याहून सर्वस्वीं भिन्न आहे. हिंदुस्थानची पहिली व्यापक जनगणना १८७२ च्या सुमारास झाली. सर्व देशांत एकाच वेळीं घेतलेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनीं ती होत आली. या गणनांचे प्रचंड अहवाल छापले गेले, परंतु ते संख्यांचे. अमुक तालुक्यांत अमुक जातीचे इतके पुरुष व इतक्या स्त्रिया, इतके साक्षर, इतक्या विधवा, हें त्यांतून कळतें. ज्या कागदांवर घरोघरीं माणसांचीं नांवें लिहिलीं, व १९०१ पासून ज्या चिठ्ठ्या पाडून कोष्टकें तयार केलीं, ते कागद व त्या चिठ्ठ्या कोष्टकें झाल्यावर जपून ठेवण्याचा सामान्यतः प्रघात नव्हता. पुढें १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या पंधराव्या कलमानें गणनेचे कागद खासगी माणसाच्या अवलोकनास बंद केले, व दिवाणी कज्ज्यांत ते पुराव्यांत घेण्यासहि मनाई केली. तात्पर्य, “१८८१ च्या जनगणनेंत आमच्या पणजोबांचें नांव आहे” असें कोणी लिहिलें, तर प्रथम तो कागद दाखविण्याची विनंति करावी.

असा कागद पुष्कळदां दाखविलाहि जातो, पण तो दुसराच निघतो. या घोटाळ्याचें मूळ बहुधा शब्दांत आहे. सरकारी जनगणनेस मराठींत पूर्वीं ‘खानेसुमारी’ व ‘शिरगणती’ असे दोन्ही शब्द चालत. पण खानेसुमारी हा शब्द इंग्रजी अमलाच्या पूर्वींचा आहे. खाना म्हणजे घर व शुमार म्हणजे मोजदाद. पेशवाईंतील खानेसुमारीच्या कागदांत घरें व घरधनी मोजलेले असतात, आणि त्यांचा हेतु बहुधा पट्टी बसविण्याचा असतो. अशा यादींत आपल्या कुलांतील नांव सांपडलें, तर तो उत्तम पुरावा होय. मात्र तो त्या गांवांत त्या वर्षीं त्या नांवाचा घरधनी होता एवढ्याचाच. त्याचे पुत्र किती, भाऊ वेगळे झाले होते कीं एकत्र, हें ती यादी सांगत नाहीं. खानेसुमारीचें ‘जनगणना’ असें भाषांतर करून छापल्यानें वाचकाच्या मनांत घरांतील प्रत्येक जीवाची नोंद उभी राहते, व कागदांत नसलेला अर्थ कागदावर लादला जातो.

मग जनगणनेचे छापील अहवाल वंशशोधकास निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. गांवाची लोकसंख्या, तेथील व्यवसाय, १९३१ पर्यंतचे जातवार आंकडे यांवरून कुटुंबाच्या स्थलांतराची पार्श्वभूमि समजते. पण समूहाच्या संख्येवरून व्यक्तीचें नातें सिद्ध करणें म्हणजे अरण्यांत सागवान पुष्कळ आहे म्हणून आपल्या घरची तुळई सागवानीच, असें अनुमान करण्यासारखें आहे. तेथें व्याप्तीच नाहीं, मग अनुमान कोठून होणार?

(३) आतां जन्ममृत्यूच्या नोंदी. १८८६ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत जन्ममृत्यूच्या नोंदीची व्यवस्था केली, पण ती ऐच्छिक होती. नोंद सक्तीची झाली ती १९६९ च्या अधिनियमानें. तथापि खेड्यांत पाटील व कोतवाल यांच्यामार्फत जन्ममृत्यु टिपण्याची वहिवाट याच्या पुष्कळ आधींपासून होती. या वहीस लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. महसुली दफ्तरांत ती गांवनमुना १४ या नांवानें प्रसिद्ध आहे. कैक ठिकाणीं जुन्या नोंदी मोडींत आहेत. सन २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां या दुर्लक्षित वह्यांना एकाएकीं महत्त्व आलें आणि मोडी वाचणारांस मागणी आली. कोतवालानें शंभर वर्षांपूर्वीं एका रकान्यांत लिहिलेला शब्द आज पणतवाच्या शिक्षणाशीं व नोकरीशीं जोडला गेला आहे. वंशशोधन हा केवळ निवृत्तांच्या फावल्या वेळचा छंद आहे, असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

परंतु या वहींत असतें काय? जन्माच्या नोंदींत तारीख, बापाचें नांव, जात, आणि मूल मुलगा कीं मुलगी एवढें असतें. मुलाचें नांव बहुधा नसतें, व त्याचें कारण उघड आहे : नोंद बारशापूर्वींच होऊन जाई. तेव्हां “सखाराम बिन रामजी यांस मुलगा झाला” या नोंदीवरून “तो मुलगा म्हणजे आमचे आजोबा” असें म्हणणें हें अनुमान आहे. प्रत्यक्ष लेख नव्हे. अनुमान सदोषच असतें असें नाहीं, पण त्याचे टप्पे दाखविले पाहिजेत. त्याच गांवांत त्याच काळीं दुसरा सखाराम बिन रामजी नव्हता ना? या सखारामास त्याच्या आगेंमागें आणखी पुत्र झाले काय? त्यांपैकीं कोणी बाल्यांतच गेला काय? मृत्यूच्या वहींत अर्भकांच्या नोंदी जन्माच्या वहीशीं ताडून पाहिल्यावांचून या प्रश्नांचीं उत्तरें मिळत नाहींत. शिवाय लागोपाठ मुलें दगावल्यावर झालेल्या मुलास धोंडू, दगडू, केरू असें नांव ठेवण्याची चाल सर्वत्र होती. तोच मुलगा पुढें शाळेंत किंवा दस्तऐवजांत निराळ्या नांवानें येतो. एकाच पुरुषाचीं दोन नांवें असल्यानें वंशवृक्षांत दोन भाऊ निर्माण झाले, असा प्रकार प्रश्नपत्रकांवर विसंबणाऱ्या संपादकाकडून सहज घडतो.

वयाचाहि हाच प्रकार. मृत्यूच्या नोंदींत चाळीस, पन्नास, साठ अशीं वयें दाटीनें येतात. जनगणनेच्या कोष्टकांतहि शून्यानें व पांचानें संपणाऱ्या वयांची अशीच गर्दी असल्याचें सर्व अभ्यासकांस ठाऊक आहे. “वय साठ” याचा अर्थ “म्हातारा झाला होता” इतकाच घ्यावा. त्यावरून जन्मवर्ष वजाबाकीनें काढून तें छापणें म्हणजे अंदाजास अंकांचा पोशाख चढविणें होय. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेची गोष्ट तर प्रस्तुत लेखकाच्या व्यवसायांतलीच. १ जून ही तारीख ज्यांच्या दाखल्यावर आहे असे विद्यार्थी प्रत्येक जुन्या पटावर पैशास पासरी आढळतात. शाळा जूनमध्यें उघडे, आईबापांस तिथि आठवत नसे, आणि प्रवेशास वय पुरें करणें भाग असे; म्हणून गुरुजींनीं लेखणीच्या एका फटकाऱ्यानें मुलास जन्म दिला. अशी तारीख शालेय कारभाराचा पुरावा आहे, जन्माचा नव्हे.

(४) नोंद सांपडली असतां अर्थ कसा करावा, हें झालें. नोंद न सांपडली तर काय, हा प्रश्न याहून नाजूक आहे. पुष्कळ कुलवृत्तांतांत “या पुरुषाची मृत्युनोंद आढळत नाहीं, तस्मात् तो देशांतरास गेला असावा” किंवा “जन्मनोंद नाहीं, तस्मात् तो दत्तक असावा” असे तर्क केलेले असतात. येथें भाट्ट मीमांसकांचा एक विचार उपयोगीं पडतो. अनुपलब्धि, म्हणजे वस्तु न आढळणें, हें ते अभावाचें स्वतंत्र प्रमाण मानितात. पण त्यास ‘योग्य’ असें विशेषण लावितात. उजेडांत भूतलावर घट दिसत नसेल तर तेथें घट नाहीं हें ज्ञान प्रमाण. अंधारांत दिसत नसेल तर कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण असता तरी तो दिसला नसता. वहींत नांव न सांपडणें हें प्रमाण व्हावयाचें असेल, तर ती वही त्या काळीं, त्या गांवीं, त्या प्रकारची प्रत्येक घटना टिपीत होती हें अगोदर दाखविलें पाहिजे.

१८९६ मध्यें मुंबईस प्लेग उद्भवला व लौकरच देशावर पसरला. विलगीकरणाच्या भयानें लोकांनीं मृत्यु लपविले, गांवें सोडून लोक माळावर झोंपड्या घालून राहिले. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झांत तर जेथें जाळावयास माणसें पुरेनात, तेथें टिपावयास कोण बसणार? या वर्षांत एखाद्याची मृत्युनोंद न सांपडणें ही अंधारांतली अनुपलब्धि होय. उलट ज्या वहींत सलग वीस वर्षें एकाच हातच्या नोंदी आहेत, व त्यांत शेजारच्या घरांतील प्रत्येक बालकाचा जन्म टिपलेला आहे, तेथें एकाच घरचा जन्म नसणें विचारणीय ठरतें. म्हणून नोंद शोधणाराने केवळ आपल्या कुलाचें पान पाहून वही मिटूं नये. तिचा स्वभाव समजेपर्यंत ती सबंध वाचावी.

(५) आतां सर्वांत कठीण अडचण : नांवांची पुनरावृत्ति. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल आहे. समजा, एका कुलांत गणेशाचा पुत्र रामचंद्र, त्याचा पुत्र गणेश, त्याचा पुनः रामचंद्र, असा क्रम चालला आहे. शके १७२० च्या एका कागदावर ‘गणेश रामचंद्र’ आहे व शके १७७५ च्या दुसऱ्या कागदावरहि ‘गणेश रामचंद्र’ आहे. हा एकच दीर्घायुषी पुरुष, कीं आजा व नातू? बापाचें नांव येथें निर्णय करीत नाहीं. आजाचें नांव मिळालें तरी तेंहि गणेशच, म्हणून तेंहि निरुपयोगी. निर्णय होतो तो दोन गोष्टींनीं : भावांचीं नांवें आणि पत्नीचें नांव. आजा गणेश हा लक्ष्मीबाईचा पति असेल व नातू गणेश हा यमुनाबाईचा, तर ज्या कागदांत पत्नीचें नांव आलें तो कागद या दोन पुरुषांस क्षणांत वेगळें करितो.

ज्या वंशवृक्षांत केवळ पुरुषच उतरविलेले असतात, त्याचा दोष यावरून ध्यानांत यावा. स्त्रियांचीं नांवें वगळल्यानें अर्ध्या कुलाची स्मृति जाते, हा एक अन्याय झालाच; पण त्याबरोबर पुरुषांच्या वंशावळीचा सर्वांत उत्तम पुरावाहि नाहींसा होतो. कांहीं कुलवृत्तांतांनीं वृत्तांताच्या भागांत पत्नीचें नांव व माहेर कसोशीनें दिलें आहे, हें येथें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. परंतु वृक्षांत तें येत नाहीं, आणि वाचक व वारस दोघेहि वृक्षच पाहतात.

हीं नांवें मिळावीं कोठें? मृत्यूच्या वहींत ‘सखू कोम रामजी’ अशी नोंद असते. कोम म्हणजे पत्नी. पण ही सखू कोणाची कन्या, हें तेथें नाहीं. जन्माच्या वहींत ती ‘मुलगी’ एवढीच आहे. मध्यें विवाहांत तिचें माहेरचें नांवहि बदललें. सरकारी कागदांत स्त्रीचा जन्म व मृत्यु यांना जोडणारा धागा बहुधा नसतोच. हा धागा आहे तो धर्मकृत्याच्या कागदांत. महालयश्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह यांजबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाहि नामोच्चार होतो, व मातामहाच्या कुलासहि पिंड मिळतो. त्यासाठीं घरोघर पितरांची यादी लिहून ठेविलेली असे. घरांतील पोथ्या संस्थेस देतांना ही यादी “हिला ऐतिहासिक मूल्य नाहीं” म्हणून रद्दींत टाकली जाते. हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं पोथीच्या वेष्टनांत दुमडून ठेविलेला असा कागद आढळला, तर तो पोथीइतकाच जपावा. मात्र त्याचाहि मर्यादित अर्थच घ्यावा : दत्तक पुत्र हा दत्तक पित्याच्याच पितरांचा उच्चार करितो, म्हणून त्या यादीवरून जनकपिता कळत नाहीं, द्व्यामुष्यायण असेल तरच दोन्ही कुलें येतात.

(६) तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा याहूनहि मोठा ठेवा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील उपाध्यायांकडे यात्रेकरूनें स्वहस्तें लिहिलेला लेख असतो : स्वतःचें नांव, बाप, आजा, भाऊ, पुत्र, गांव व तिथि, आणि पुष्कळदां बरोबर आलेल्या माता, पत्नी, भगिनी यांचींहि नांवें. समकालीन, स्वहस्तलिखित आणि नात्यांचा स्पष्ट निर्देश करणारा असा पुरावा दुसऱ्या कोणत्याहि दफ्तरांत इतक्या विपुलतेनें नाहीं. हरिद्वारच्या वह्यांचीं सूक्ष्मछायाचित्रें युटा येथील वंशशोधन-संस्थेनें घेतलीं. परक्यांस ज्याचें मोल कळलें, त्याची आपल्याकडे अद्यापि पद्धतशीर सूचि नाहीं.

तथापि येथेंहि डोळे उघडे ठेवावे लागतात. वही जीर्ण झाली म्हणजे उपाध्याय ती नव्या वहींत उतरून काढीत. उतरतांना दोन यात्रांचे लेख एकत्र झाले, किंवा पुतण्या पुत्राच्या ओळींत गेला, असें होऊं शकतें. म्हणून लेख मूळ आहे कीं उतारा, हस्ताक्षर यात्रेकरूचें आहे कीं उपाध्यायाचें, हें प्रत्येक वेळीं नमूद झालें पाहिजे. “नाशिकच्या वहीवरून” एवढा निर्देश पुरा नाहीं.

याच्या उलट टोकास वादांत दाखल झालेल्या वंशावळी आहेत. वतनाच्या तंट्यांतील करीने आणि १८५२ च्या कायद्याखालीं इनाम कमिशनपुढें मांडलेल्या हकीकती यांत दीर्घ वंशावळी येतात, व त्या जुन्या मोडी कागदांवर असल्यामुळें संपादकांस फार प्रिय असतात. परंतु त्या मांडणाराचें इनाम किंवा वतन त्या वंशावळीवर अवलंबून होतें. मूळ सनद ज्यास मिळाली त्यापर्यंत अखंड रेघ पोहोंचविणें त्यास भागच होतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें नात्याविषयींचें मृत माणसाचें कथन ग्राह्य धरतांना तें वाद उपस्थित होण्यापूर्वींचें असावें अशी अट घातली, व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंहि तें तत्त्व कायम ठेविलें आहे. न्यायाधीशास जी सावधगिरी आवश्यक वाटली ती इतिहासकारानें सोडावी, याला कांहींच कारण नाहीं. कागद किती जुना आहे हें विचारण्यापूर्वीं तो कोणत्या प्रसंगीं लिहिला गेला, हें विचारावें.

(७) नोंदीचा हेतु आणि आपला प्रश्न यांचा मेळ बसला म्हणजे केवढें कार्य होतें, याचें उदाहरण मॉरिशसचें आहे. १८३४ पासून पुढें कराराच्या मजुरीवर त्या बेटावर सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें गेलीं. त्यांतील मराठी मंडळी मुख्यत्वें रत्नागिरी व आसपासच्या कोंकणपट्टींतून मुंबई बंदरामार्गें गेली. मजूर पळून जाऊं नये व करार मोडूं नये, यासाठीं सरकारनें प्रत्येकास क्रमांक देऊन त्याचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, जहाज हें सर्व नोंदविलें. पुढें छायाचित्रेंहि घेतलीं. हीं पुस्तकें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. माणसास जखडण्यासाठीं केलेली नोंद त्याच्या वंशजांस आज मूळ गांवाची वाट दाखविते. मार्च २०२४ मध्यें मॉरिशसच्या हिंदी वंशजांच्या सातव्या पिढीसहि भारताचें परदेशस्थ नागरिकत्व-पत्र देण्याचें जाहीर झाल्यापासून या पुस्तकांचें व्यावहारिक मोल अधिकच वाढलें.

पण येथेंहि एक खोंच आहे. मॉरिशसच्या दफ्तरांत पूर्वजाचें पाळण्यांतलें नांवच पुढें वंशजांचें आडनांव होऊन बसल्याचें सर्रास आढळतें, आणि तेंहि परदेशी लेखनिकानें कानाला जसें लागलें तसें लिहिलेलें. असें आडनांव घेऊन कोंकणांतील कुलवृत्तांत धुंडाळल्यास तें सांपडणार नाहीं. सांपडल्यास तें नामसादृश्य असण्याचाच संभव अधिक. तेथून येणाऱ्या जिज्ञासूस आपण साहाय्य करावें तें गांव, बापाचें नांव व वर्ष या तीन खुणांवरून. कोणी आदरानें विचारतो म्हणून त्यास आपल्या वृक्षाची एखादी रिकामी फांदी देऊन टाकणें हें औदार्य नव्हे.

दुसरें उदाहरण आसामचें. तेथें १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून नागरिकांची नांवनिशीवार नोंदवही केली होती, आणि पुढें तीच नोंदवही व १९७१ पर्यंतचे जुने कागद आधारास धरून प्रत्येक कुटुंबाकडून वंशवृक्ष मागण्यांत आला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं अंतिम यादी निघाली, तींतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. या सर्व प्रकरणांत विवाहित स्त्रियांची अडचण विशेष होती. पतीच्या गांवीं राहणाऱ्या स्त्रीजवळ आपण अमक्याची कन्या असें सांगणारा कागदच नव्हता. ग्रामपंचायतीच्या सचिवाच्या दाखल्यावर त्यांस विसंबावें लागलें, व त्या दाखल्याचें बल किती हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वर पांचव्या कलमांत जो तुटका धागा दाखविला, तोच येथें लक्षावधि स्त्रियांच्या नागरिकत्वाचा प्रश्न होऊन उभा राहिला.

(८) तेव्हां कुलवृत्तांताच्या संपादकांनीं करावें तरी काय? आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. वृक्षांतील रेघा तीन प्रकारच्या असाव्या. पितापुत्रसंबंध स्पष्ट सांगणारा समकालीन लेख असेल तेथें अखंड रेघ. दोन किंवा अधिक नोंदींच्या मेळानें अनुमान केलें असेल तेथें तुटक रेघ. केवळ परंपरा असेल तेथें ठिपके. प्रत्येक रेघेस क्रमांक द्यावा व त्या क्रमांकाखालीं कागदाचा प्रकार, स्थान, तिथि, तो मूळ कीं उतारा, आणि कोणत्या प्रसंगीं लिहिला गेला हें द्यावें. शक, सुहूर, फसली यांपैकीं जो काल कागदांत असेल तो जसाच्या तसा छापून मग इसवी सन कंसांत द्यावा. पौष ते फाल्गुन या महिन्यांत शकांत ७८ मिळवावे कीं ७९, या एका प्रश्नावर वर्षाची चूक होते. पत्नी व कन्या यांचीं दोन्ही नांवें, माहेर व सासर, वृक्षांतच यावीं. आणि जेथें कांहींच मिळालें नाहीं, तेथें जागा कोरी सोडावी.

यावर असा आक्षेप येईल, कीं असा वृक्ष उजाड दिसेल. तीनशें वर्षांच्या अखंड परंपरेच्या जागीं शंभर वर्षांची रेघ व पुढें ठिपके पाहून कुलबंधूंचा उत्साह मावळेल व वर्गणी जमणार नाहीं. या आक्षेपांत तथ्य आहे, हें आम्ही जाणतों. परंतु कोरी जागा पुढील शोधकास सांगते कीं येथें खणावयाचें आहे. भरलेली जागा त्यास परतवून लावते. आज ज्या जागीं खोटी रेघ काढली, तेथें उद्यां खरा कागद सांपडला तर तो कागदच संशयित ठरतो, कारण छापील ग्रंथाविरुद्ध उभा राहण्याचें ओझें त्यावर पडतें. असे प्रसंग आपल्या मंडळींस अपरिचित नाहींत.

शेवटीं काळाविषयीं. कोतवालाच्या वह्यांचीं आतां छायाचित्रें होत आहेत, हें इष्टच आहे; पण छायाचित्र झाल्यावर मूळ वही नको, अशी समजूत पसरली तर मोठी हानि होईल. शाई, हात, पानांचा क्रम, मागाहून घातलेली ओळ, हें मूळ वहींतच नीट परखतां येतें. त्याचप्रमाणें तीर्थक्षेत्रांतील अनेक उपाध्यायांची पुढील पिढी अन्य व्यवसायांत गेली आहे. वह्या माळ्यावर आहेत व वाळवीस जात-गोत विचारण्याची संवय नाहीं. प्रत्येक जिल्ह्यांतील संग्राहकांनीं निदान कोणाकडे कोणत्या गांवांच्या, कोणत्या काळच्या वह्या आहेत एवढी यादी केली व ती आपापल्या संशोधन-संस्थेकडे पाठविली, तरी पुढच्या कुलवृत्तांताचा पाया आजच्यापेक्षां पुष्कळ भक्कम होईल.